ठेचांक

शिवलीला हलकुडेला बारावीत भौतिकशास्त्रात शंभरपैकी नव्व्याण्णव पडले, आणि जिथं जिथं अर्ज केला तिथून तिथून तिला हाकलून लावलं. सगळ्या कॉलेजांचा निरोप एकाच साच्यातून काढलेला. 'आपली गुणवत्ता वाखाणण्याजोगी आहे. तथापि आपला ठेचांक आमच्या किमान मर्यादेपेक्षा कमी असल्यामुळे...' तथापि! एखाद्याच्या थोबाडीत मारायची असली की हे लोक आधी हातात 'तथापि'चा मोजा घालतात.

ठेचांक आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवलीला दहावीत होती तेव्हा तो कुणी ऐकलाही नव्हता. मूळ गोष्ट साधी. माणूस चुकला की ती चूक त्याला कळण्याआधी त्याच्या मेंदूला कळते. कपाळाच्या मागे, मधोमध, विजेचा एक बारीक खड्डा पडतो आणि पापणी लवायच्या आत बुजतो. हे शास्त्रज्ञांना कधीपासून माहीत होतं. पूर्वी डोक्याला तारा चिकटवून मोजायचे. मग कुणीतरी तारा काढून टाकल्या आणि कपाळाला बांधायची पट्टी बनवली. परीक्षा देता देता पट्टी मोजत राहते. खड्डा जितका खोल, तितकी मेंदूला ठेच लागली. ज्याला ठेच लागते तोच पुढचं पाऊल जपून टाकतो, म्हणजे तोच शिकतो. कॉलेजांनी डोकं चालवलं. गुण सांगतात पोराला काय येतं, ठेचांक सांगतो पोर अजून किती शिकेल. मग येणाऱ्याला कशाला घ्या? शिकणाऱ्याला घ्या. ऐकायला किती न्यायाचं वाटतं!

आणि त्याच वेळी लातूरच्या क्लासगल्लीत काय चाललं होतं? गंगथडे सरांची 'पुढे पद्धत'. हॉलमध्ये तीनशे पोरं. एकानं उभं राहून उत्तर द्यायचं. चुकलं की बाकी सगळ्यांनी छत उडेल असं ओरडायचं, "पुढे!" चुकणाऱ्यानं हसून पुढचा प्रश्न घ्यायचा. का चुकलं हे विचारायचं नाही. विचारणाऱ्याला सर दाराबाहेर उभं करत. "चुकीला कुरवाळत बसलास की तेवढ्यात दहा जण पुढं गेले," सर सांगत. "काळीज हलता कामा नये!" सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दोन वर्षं. काळीज खरंच हलेनासं झालं. या माणसानं हजारो पोरांच्या कपाळामागचा तो खड्डा भरला, वर डांबर ओतलं आणि रोलर फिरवला. शिवलीलाच्या पट्टीवरची रेघ तपासणाऱ्या बाईनं आधी पट्टीच बदलून पाहिली. तिला वाटलं, यंत्र बंद पडलंय.

निकालांच्या आठवड्यात त्याच गंगथडे सरांनी त्याच हॉलमध्ये मेळावा घेतला. विषय काय, तर 'नकारानंतरचे पर्याय'. स्टेजवर झेंडूच्या माळा. विझलेल्या चेहऱ्यांची पोरं आणि त्यांच्याहून विझलेले आईबाप खुर्च्यांवर बसलेले. सर माइकमध्ये खाकरले. ते दर दोन वाक्यांमागे खाकरत, घशात कायम काहीतरी अडकल्यासारखं.

"नकार म्हणजे शेवट नाही, पोरांनो," सर म्हणाले, आणि पर्याय सांगू लागले. एक वर्ष पुन्हा बसा. कुठे बसायचं ते सांगायची गरज नव्हती. नाहीतर मॅनेजमेंटची जागा घ्या, ओळखीनं करून देऊ. नाहीतर परदेशात जा. सरांनी घेतलेलं देशाचं नाव ऐकून मागच्या रांगेतल्या एका बापानं शेजाऱ्याला विचारलं, "हे कुठं आलं म्हणायचं?" आणि ज्यांना हे काही जमणार नाही, त्यांच्यासाठी क्लासनं स्वतःचं केंद्र काढलं होतं, 'नवांकुर'. ठेचांक वाढवून मिळेल. सगळे रस्ते लांबून वळसे घेऊन शेवटी एकाच गल्ल्यापाशी येत होते.

आधी विहिरीत ढकलायचं आणि मग काठावर बसून दोर विकायचा.

शिवलीला उठली. "सर, उदगीरला साधं बी.एस्सी. आहे. तिथं पट्टी लावत नाहीत. बारावीच्या गुणांवर घेतात."

"लावत नाहीत, कारण पट्टी घ्यायची ऐपत नाही, बाळा." सर खाकरले. "जिथं कपाळ बघत नाहीत, तिथं कपाळ फुटतं."

हॉल हसला. शेजारी बसलेले तिचे वडील, गुरुनाथअप्पा, तेही हसले. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला साहेब हसला की हसायची सवय असते. हसता हसता त्यांनी तिचा कुर्ता ओढून तिला खाली बसवलं.

"नवांकुरला नाव देऊन टाकू," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "लई जणांचं झालंय म्हणे."

झालेल्यांपैकी एकीला शिवलीला ओळखत होती. ऋतुजा डोईजोडे, होस्टेलवरची तिची खोलीतली जोडीदार. पहिल्या तुकडीत जाऊन आलेली. शिवलीला तिच्या घरी गेली, तेव्हा ऋतुजा कधी न वाचलेलं जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक कादंबरीसारखं उलटत होती.

"एकदा वाचलं की बसतं गं!" ती म्हणाली. "ठेचांक इतका वर गेला की पुण्यानं स्वतःहून फोन केला." आणि ती खाकरली.

शिवलीलानं तिच्याकडे बघितलं. "सर्दी झालीय?"

"नाही. का?" ऋतुजा पुन्हा खाकरली. तसंच. आधी मान जराशी पुढे, मग घशातून दोन घरघरी, मग ओठांवरून जीभ. हुबेहूब.

"पेटी वाजव की," शिवलीला म्हणाली. ऋतुजाची पेटी होस्टेलभर गाजलेली होती. भजनाला बसली की वॉर्डनबाईसुद्धा दारात येऊन उभी राहायची.

"ती गेली," ऋतुजा सहज म्हणाली. कोपऱ्यातली पेटी ओढून तिनं भाता उघडला आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली. बोटं तशीच राहिली. परक्याच्या घरात पाहुणे बसतात तशी. "बोटांना आठवतच नाही. पण जातंच ना काहीतरी! सगळ्याच तुकडीचं काही ना काही गेलंय. एकाला सायकल येत नाही. हसून हसून मेलो आम्ही." आणि खाकरली.

शिवलीला घराबाहेर पडली आणि गटाराच्या कडेला उभं राहून थुंकली. तोंडात काही नव्हतं, तरी थुंकली.

यामागचं शास्त्रही अवघड नाही. लहान मुलाचा मेंदू कढईतल्या गुळासारखा असतो, पातळ. कोणत्याही साच्यात ओता. वय वाढतं तशी मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी धरत जाते आणि शिकलेलं जागच्या जागी घट्ट होतं. ढेप तयार होते. नवांकुरमध्ये एक औषध देऊन ती जाळी विरघळवतात आणि डोक्यावर चुंबकाचं वेटोळं फिरवतात. काही आठवडे सतरा वर्षांचा मेंदू पुन्हा बाळाचा होतो. चूक झाली की खड्डा पडतो, अगदी विहिरीएवढा. त्या आठवड्यांत पोरांना बंद खोलीत ठेवतात. भेटी नाहीत, फोन नाही. भिंतीवर दिवसभर फक्त सरांचे तास. जे आत जाईल ते कोरलं जातं, मग ते प्रकाशसंश्लेषण असो की सरांचा कफ. नंतर जाळी पुन्हा धरते, पहिल्यापेक्षा कडक. मुलं याला 'मऊ होणं' म्हणत. पत्रकात लिहिलेलं होतं 'क्षमतेचं नवजीवन'.

नाव घातल्यावर अप्पांनी तिला मेंदूचा नकाशा काढायला नेलं. ते बाहेर बसले. आत एक तरुण डॉक्टर होत्या, जांभया दाबत काम करणाऱ्या. पडद्यावर शिवलीलाचा मेंदू रंगीत उमटला आणि डॉक्टरांची जांभई अर्ध्यावर राहिली.

"वाद्य वाजवतेस?"

"नाही."

"टायपिंग? भरतकाम?"

"नाही."

"मग हे एवढं काय पेटलंय? हा हातांचा भाग, हा भाषेचा. मधला रस्ता बघ, हायवे आहे नुसता."

"आईशी बोलते मी," शिवलीला म्हणाली. "आईला ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले. तिला शाळेत कुणी घातलंच नाही. मग मी आणि तिनं हातांची भाषा केली."

"कुठली? ती टीव्हीवर दाखवतात ती?"

"आमची. आम्हा दोघींनाच येते."

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे जाईल," त्या म्हणाल्या. "औषध जिथं वर्दळ जास्त तिथंच आधी शिरतं. तुझ्यात सगळ्यात जास्त वर्दळ इथं आहे."

"परत शिकता नाही येणार?"

"येईल. साठीला आलेला माणूस इंग्रजी शिकतो तसं. चहा, पाणी, ये, जा."

"हे रिपोर्टात लिहाल?"

डॉक्टर ओशाळल्या. "रिपोर्टात 'किरकोळ सवयी' असा एकच रकाना आहे."

परतीच्या रिक्षात तिनं अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकणं आणि काहीच आत न घेणं ही त्यांची खात्यात कमावलेली कला होती.

"खुणाच त्या," ते म्हणाले. "एवढं काय त्यात? भाकरी दाखवली की भूक कळती."

"मग तिच्याशी बोलणार कोण?"

"मी बोलतोच की."

"कधी?"

"जेवायला वाढ म्हणतो ना."

ते ताट वाजवत. बाईला ऐकू येत नाही हे माहीत असूनही हा माणूस ताट वाजवायचा, आणि शिवलीला उठून आईच्या खांद्याला हात लावायची. आपल्या जन्माआधी ही दोघं कशी बोलत असतील, असा प्रश्न लहानपणी तिला पडायचा. मोठेपणी पडेनासा झाला, कारण उत्तर कळलं. बोलतच नव्हती.

"आईला तूच सांग," अप्पा म्हणाले. "संमतीला लागंल ती."

त्या दिवशी औशाच्या घरी आई ओट्यापाशी उभी राहून शेंगदाणे भाजत होती. लेकीला बघताच तिनं उलथनं ठेवलं आणि हात बोलायला लागले. आईचे हात म्हणजे गावभरचं वर्तमानपत्र. कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली, चालते अशी, सासू बघते अशी. शिवलीला हसून हसून खाली बसली. मग आईनं विचारलं, तो भेटला का? आणि मान पुढे काढून, कोंबड्यासारखा गळा हलवून दाखवला. आईनं सरांचं खाकरणं कधी ऐकलं नव्हतं. तिनं फक्त गळा बघितला होता. सरांचं नाव त्यांच्या भाषेत तेच होतं, कोंबडा. अप्पांचं नाव पोट खाजवणं.

काय म्हणाला कोंबडा? आईनं विचारलं.

शिवलीलाचे हात जेमतेम उचलले गेले. "उद्या सांगते," एवढंच तिनं केलं.

उद्याचा दिवस नवांकुरच्या ऑफिसात उजाडला. पोर अठराच्या आतलं असेल तर आई आणि बाप दोघांनीही कॅमेऱ्यासमोर, आपापल्या भाषेत, 'आम्हाला समजलं आणि आमची संमती आहे' असं सांगायचं, असा कायदा होता. अप्पांनी ते पाठ केलेलं होतं. घडाघडा म्हणून मोकळे झाले. मग कॅमेरा आईकडे वळला. आई इस्त्रीच्या लुगड्यात खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"यांचा दुभाषी?" सरांनी विचारलं.

"हीच की," अप्पा म्हणाले. "घरात आणि कोण हाय?"

सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. जिचं डोकं उघडायचं, तिनंच आपल्या आईला पटवायचं. खाटकानं बकऱ्याला म्हणावं, जरा धार बघून घे. "सांग आईला," ते खाकरले, "घाबरण्यासारखं काही नाही."

जगात ही भाषा येणारी दोनच माणसं, आणि दोघीही त्या खोलीत समोरासमोर बसलेल्या. शिवलीलानं हात उचलले आणि सगळं सांगितलं. काही राखलं नाही. औषध, जाळी, बंद खोली, पुण्याचं कॉलेज. मग शेवटचं, की बाहेर आल्यावर तुझे हात मला कळणार नाहीत.

आईनं एक प्रश्न केला. कॉलेज मिळेल? नक्की?

मिळेल, शिवलीला म्हणाली.

आईनं खाली बघितलं, लुगड्याची निरी नीट केली आणि मग हात उचलले. जा. मी तुझ्या आधीही होतेच की. जा तू.

तिनं मान हलवली नाही. मान हलवणं तिनं कधीच सोडलं होतं. मान हलवली की लोक त्यांना हवं ते समजून मोकळे होतात, हे तिला सासरी पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"काय म्हणायली?" अप्पांनी विचारलं.

शिवलीलानं एकेकाकडे बघितलं. सरांचा पुढे आलेला गळा, अप्पांची पाठ केलेली संमती, आणि ही बाई. हिला आयुष्यात एकदाच कुणीतरी काही विचारलं, तर हिनं स्वतःलाच उचलून देऊन टाकलं!

"नाही म्हणते," शिवलीला म्हणाली.

"काय?"

"आईची संमती नाही. माझ्या पोरीचं डोकं उघडू देणार नाही, म्हणते."

सरांनी कॅमेरा बंद करायची खूण केली. "हलकुडे, घरचं घरी मिटवून या हो. मागे रांग आहे."

बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत अप्पांनी दम धरला. मग फुटले. इतक्या वर्षांत खात्यात गिळलेलं सगळं त्यांनी त्या पायऱ्यांवर ओकलं, ते आईच्या अंगावर. "वाटोळं केलंस पोरीचं! स्वतः अडाणी राहिलीस, तिलाबी ठेव तशीच! तुला काय कळतंय गं? तुला इचारलं हीच चूक झाली!" येणारेजाणारे थांबले. एका बाईनं मोबाइल काढला.

आई नवऱ्याचं हलणारं तोंड बघत होती. लाल झालेला चेहरा, तिच्याकडे रोखलेलं बोट. आपण तर हो म्हणालो. मग हा चिडला कशाला? ती शिवलीलाकडे वळली. काय म्हणतोय हा?

आता शिवलीलापुढे आणखी एक खोटं तयार होतं. सोपं, गुळगुळीत. कोंबड्यानंच नाही म्हटलं, जागा भरल्या, अप्पा त्याच्यावर चिडलेत. अप्पांना कळणार नाही, आईला कळणार नाही. मरेपर्यंत दोघांच्या मधे उभं राहून ती दोघांनाही हवं ते पाजू शकत होती. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची शिसारी आली. सर पोरांच्या डोक्यात आपला कफ कोंबतात. तिनं तर आईच्या हातांत आपले शब्द कोंबले होते. फरक काय राहिला?

ती दोघांच्या मधे आली. आयुष्यात पहिल्यांदा ती तोंडानं आणि हातांनी एकदमच बोलली, दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी कळावी म्हणून.

"आई हो म्हणाली होती. नाही मी म्हणाले. खोटं बोलले मी. मला मऊ व्हायचं नाही. मी उदगीरला जाते, साध्या बी.एस्सी.ला. आणि आई, हा तुला शिव्या देतोय, कारण याला वाटलं तू नाही म्हणालीस."

अप्पांचं बोट हवेतच राहिलं. आईनं आधी शिवलीलाच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला सणसणीत, पायऱ्यांवर आवाज झाला. माझ्या नावावर खोटं? तिचे हात म्हणाले. माझ्या नावावर?

शिवलीलानं मान खाली घातली. धपाटा रास्त होता.

"म्हणजे ती हो म्हणायलीय!" अप्पांना आता कुठं उमगलं. "मग चला की वर! सर हाईत अजून. चल गं, तिला सांग, परत एकदा कॅमेऱ्यासमोर..."

आईनं त्यांची बाही धरली आणि त्यांना आपल्याकडे वळवलं. मग ती बोलली. लेकीकडे न बघता, थेट नवऱ्याकडे बघत, मोठमोठ्या हातांनी, एकेक गोष्ट सुटी सुटी करून. मी हो म्हणाले कारण मला वाटलं तिला जायचंय. तिला जायचं नाही, तर मीही नाही म्हणते. वर येणार नाही. आणि आत्ता मला काय बोललास ते परत बोल. हातांनी बोल. माझ्याकडे बघून बोल.

एवढं करून ती थांबली.

अप्पांनी शिवलीलाकडे बघितलं. नेहमीसारखं. "काय म्हणायली?"

शिवलीलानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक अडकवले.

"अगं सांग की! काय म्हणायली ती?"

"तिलाच विचारा, अप्पा."

आई वाट बघत उभी होती. तिची नजर नवऱ्याच्या तोंडावर नव्हती, हातांवर होती. हात त्यांनी पँटच्या खिशात घातले होते.